व्हर्नाच्या नावानं नऊ नकार

नाव: व्हर्ना स्टिल्टनर. वय: एकसष्ट. डायलिसिस: आठवड्यातून तीनदा, पाचवं वर्ष.

हिपॅटायटिस सी असलेल्या दात्याची किडनी चालेल का?

चालेल. (सही. मार्च.)

आता नोव्हेंबर.

"नऊ," केंड्रा म्हणाली. इस्पितळातली प्रत्यारोपणाची यादी हीच नर्स सांभाळते. "नऊ किडन्या आल्या होत्या तुमच्यासाठी, मिस व्हर्ना."

"आणि?"

"डॉक्टर नाही म्हणाले."

"मला न विचारता?"

"किडनी आल्याचा फोन आला की तासाभरात ठरवावं लागतं. पेशंटला कळवत नाहीत, अशी पद्धतच आहे."

व्हर्नानं कागद ओढून घेतला.

नकाराचं कारण: दात्याला हिपॅटायटिस.
नकाराचं कारण: दात्याला हिपॅटायटिस.
नकाराचं

चौथ्या ओळीपुढचं तिला वाचवेना. तिथे दात्याचं वय होतं एकतीस, मृत्यू नशेच्या सुईनं. तिचा मुलगा वेस्ली असाच गेला, एकोणतिसाव्या वर्षी. त्याच्या किडन्या तिनं स्वतः सही करून दिल्या होत्या. महिन्यानं पत्र आलं: हिपॅटायटिसमुळे वापरता आल्या नाहीत. या खोऱ्यात नशेनं पोरं पटापट मरतायत, आणि इथे त्यांच्या धडधाकट किडन्या कचऱ्यात!

डॉक्टर प्रुएट आले. "व्हर्ना, आम्ही तुमचीच काळजी केली. तो विषाणू तुमच्या रक्तात येणारच. यकृताला धोका असतो."

"माहितीये. तुम्हीच सांगितलंत ना मार्चमध्ये? बारा आठवडे गोळ्या, बहुतेक सगळे बरे होतात. तेव्हा मी मान डोलावली ती काय झोपेत?"

"थोडं थांबलात तर चांगली किडनी..."

"डायलिसिसला माझ्या शेजारच्या खुर्चीवर असायचा तो होबार्टही थांबला होता. परवा त्याला पुरलं. त्याच्यासाठी किती किडन्या आल्या होत्या, डॉक्टर?"

केंड्रा खाली बघत होती.

व्हर्नानं पेन उचललं आणि छापील ओळींवरून आडवं, मोठ्या अक्षरांत लिहिलं: मला विचारल्याशिवाय नाही म्हणायचं नाही. खाली फोन नंबर. "करा सही."

"असा रकाना नाहीये फॉर्मात."

"मग आता झाला."

डायलिसिसची वेळ टळत होती. पाय सुजून बुटात मावत नव्हते. ती उठली नाही. शेवटी प्रुएटनी सही केली.

"आता याची प्रत द्या," व्हर्ना म्हणाली. "आणि केंड्रा, तो नंबर आत्ता लावून बघ. माझ्यासमोर."

तिच्या पर्समध्ये फोन वाजला.