प्रार्थनेची पहिली ओळ

पेटी म्हटलं की हल्लीच्या मुलांच्या डोळ्यांपुढे ट्रंक येते, नाहीतर पोस्टाची लाल पेटी. म्हणून आधीच सांगते मित्रांनो, मी वाजवायची पेटी, जिला तुमच्या पुस्तकात हार्मोनियम म्हणतात. वय झालंय माझं. अंगावर नवं पॉलिश आहे, भाता नवा आहे, पितळी कड्या अशा लखलखतात की नव्या नवरीला हेवा वाटावा. पण त्यावर जाऊ नका. मी बंगळुरातल्या एका मराठी शाळेची पेटी आहे, आणि त्या शाळेत आता प्रार्थना होत नाही.

माझा जन्म बेळगावचा. एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. तो माझ्या पोटातली पितळी पाती कानसेने हळूहळू घासायचा, डोळे मिटून सूर ऐकायचा आणि मनासारखा लागला नाही की स्वतःवरच चिडायचा. सगळे सूर जुळले, पण माझी मध्यमाची पट्टी काही त्याला वश झाली नाही. ती दाबली की आधी थोडा वारा निसटायचा आणि मग सूर यायचा. कारागीर म्हणाला, "राहू दे. एवढी खोड असू दे हिच्यात."

रेल्वेने मी बंगळुराला आले तेव्हा मला न्यायला शाळेची मुलं स्टेशनवर आली होती. मला उचलायला सगळे पुढे. त्यातच आठवीतला उमाकांत होता, काटकुळा, मोठ्या कानांचा. बाकीचे दमून हात बदलायचे, हा मात्र आपली कडी सोडायला तयार नाही. शाळेच्या दारात पोचेपर्यंत त्याच्या बोटांवर वळ उठले होते. तेव्हापासून त्याच्यावर माझा जीव आहे, हे उघडच सांगते.

शाळा चिकपेटेच्या मागच्या गल्लीत. पुढे चिंचेचं झाड आणि छोटंसं मैदान. सोनंचांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांची मुलं यायची, विमानांच्या आणि टेलिफोनच्या सरकारी कारखान्यांतल्या बाबूंची यायची, निपाणी-चिकोडीकडून पोटामागे आलेल्यांचीही यायची. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि भांडताना दोन्ही. आठवी ते दहावी एवढीच शाळा, त्यामुळे दर जूनला आठवीत नवी मुलं बुजरी होऊन उभी राहायची. त्यांची भीती मोडावी म्हणून तेव्हाच्या हेडमास्तरांनी एक रीत घालून दिली. आठवीची रांग सगळ्यांत पुढे. प्रार्थनेची पहिली ओळ आठवीने एकट्याने म्हणायची. त्यांनी ती म्हटल्याशिवाय नववी-दहावीने तोंड उघडायचं नाही, मास्तरांनीसुद्धा नाही.

आणि त्या पहिल्याच ओळीत माझा तो मध्यम यायचा. झालं. मुलं सूर यायची वाट बघत क्षणभर थांबायची. वर्षं गेली, ते थांबणं प्रार्थनेचाच भाग होऊन बसलं. कुणाला वाटायचं चालच तशी आहे. माझी खोड आख्ख्या शाळेच्या गळ्यात उतरली होती, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार अभिमान होता.

मग हेमलताबाई आल्या. लग्न होऊन निपाणीहून बंगळुराला आलेल्या, गाण्याच्या आणि मराठीच्या बाई. पुढे त्याच मुख्याध्यापिका झाल्या, पण प्रार्थनेला मला दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. बोटं हलकी, जीभ मात्र तिखट. त्यांच्या हाताखाली मी भरपूर वाजले. स्नेहसंमेलनात वाजले, निरोपसमारंभात वाजले, एकदा तर जिल्ह्याच्या स्पर्धेत ढालही आणली.

दिवस कसे फिरले ते एकदम कळलं नाही. आधी कारखान्यांच्या वसाहतींतली मुलं कमी झाली. मग गलाईवाल्यांनीही पोरं इंग्रजी शाळेत घातली. एखादे शिक्षक निवृत्त झाले की त्यांच्या जागी कुणी येईना. पाऊस आला की वर्गात बादल्या मांडायच्या. अशा वेळी धावून आला तो आमचा माजी विद्यार्थी संघ. उमाकांत आता विमान-कारखान्यातून निवृत्त झालेला, संघाचा अध्यक्ष. त्याच्या मागोमाग सुहास, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत ज्याचा छोटासा कारखाना आहे. दोघांनी मिळून म्हातारे-तरणे सगळे गोळा केले.

तुम्हाला सांगते, असा संघ कुठल्या शाळेला मिळणार नाही. दर महिन्याला एक रविवार ठरलेला. जुने कपडे घालून, हत्यारांच्या पिशव्या घेऊन मंडळी यायची. कोणी येलहंक्याहून, कोणी त्याहून लांबून. कौलं बदलली, नळ बदलले, सुहासने लोखंडी बाकं करून आणली. शिक्षकांचे पगार थकले तेव्हा संघाने भार उचलला. करोनात शाळा बंद होती तेव्हा घरोघरी जाऊन मुलांना फोन दिले, दोन घरांत तर शिधासुद्धा पोचवला. उमाकांतला कुरकुरणारी बिजागरी ऐकवत नसे. तेलाची बाटली खिशात ठेवूनच यायचा. शाळा कशी दिसत होती म्हणून सांगू, नव्यासारखी.

फक्त माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. करोनाच्या त्या बंद दिवसांत उंदरांनी माझा भाता कुरतडला. शाळा उघडली तेव्हा बाईंनी मला हात लावला आणि मी नुसती फुसफुसले. फडक्याने मला पुसून त्यांनी तोंडीच प्रार्थना घेतली.

त्याच वर्षी संघाची बैठक गाण्याच्या खोलीत झाली. मी कोपऱ्यात होते. चहा झाला, आणि उमाकांतने वही उघडून नेहमीप्रमाणे विचारलं, "बाई, बोला. आता काय दुरुस्त करायचं राहिलंय?"

"काही नाही," बाई म्हणाल्या.

"कुंपणाची भिंत?"

"भिंत छान आहे. सगळंच छान आहे, उमाकांतराव. जूनमध्ये आठवीत बसायला मुलं नाहीत. वर्ग भरला नाही तर शाळा चालवता येणार नाही, असं विश्वस्तांनी स्पष्ट सांगितलंय. तुम्ही मला मुलं आणून द्या."

पंख्याचा आवाजसुद्धा नाही, कारण तो उमाकांतनेच दुरुस्त केलेला.

सुहास म्हणाला, "बाई, आम्ही जाहिरात करू. बोर्ड मोठा लावू, लाइटचा."

"सरी, बरं, सुहासअण्णा, लावा बोर्ड," बाई म्हणाल्या. "पण इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या घरचं मूल या शाळेत आहे का, ते सांगा. मुलगा, मुलगी, नातवंडं. मी रागाने नाही विचारत. मला खरंच माहीत करून घ्यायचंय."

कुणी चहाच्या कपात बघितलं, कुणी खिडकीबाहेर. ज्या माणसांनी उन्हात छपरावर चढून कौलं शाकारली, ती आता अंग चोरून बसली. मला बाईंचीही दया आली आणि त्यांचीही. शेवटी उमाकांत उठला, कोपऱ्यात आला, माझ्या कडीला हात घातला आणि म्हणाला, "मी... मी तोवर ही पेटी दुरुस्त करून आणतो."

अरे उमाकांता! मागितलं काय आणि तू उचललंस काय!

त्याच्या गाडीतून मी इंदिरानगरला गेले. घर मोठं. मुलगा मकरंद, सून शमिका आणि नात शलाका. शलाका सातवीत, भारी शाळेत जाणारी. उमाकांतने मला बैठकीतल्या टेबलावर उघडलं, पाती काढून ओळीने मांडली. शलाका रोज दुपारी शाळेतून आली की माझ्याजवळ यायची. "आजोबा, ही की प्रेस केली तर साउंड का नाही येत?" असलं तिचं मराठी. पण बोटं सुरेख, हेमलताबाईंसारखी हलकी. नवा भाता बसल्यावर पहिला सूर तिनेच काढला. त्या दिवशी किती महिन्यांनी मला बरं वाटलं होतं.

एका रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, उमाकांतने माझ्या पट्ट्या पुसता पुसता सुनेला विचारलं. मान वर न करता विचारलं.

"शमिका, शलाकाला पुढच्या वर्षी आमच्या शाळेत घातलं तर? आठवीला?"

शमिका चांगली पोर आहे. ती हसली नाही की चिडली नाही. शेजारी येऊन बसली.

"बाबा, ती पहिलीपासून इंग्रजीत शिकलीय. तिला तिथे विज्ञान, गणित काही कळणार नाही. वर्गात एकटीच बसेल ती. तुम्हाला आवडेल?"

"एकटी नसेल. ती आली तर दुसरे येतील. कुणीतरी आधी यायला हवं."

शमिकाने पुसलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग अगदी हळू म्हणाली, "बाबा, एक विचारू? तेव्हा तर शाळा भरलेली होती. मग मकरंदला का नाही घातलंत तिथे?"

उमाकांतच्या हातातलं फडकं थांबलं. मकरंद दारात उभा होता. शेवटी उमाकांत म्हणाला, "त्याचं भलं व्हावं असं वाटलं तेव्हा."

"आम्हालाही तेच वाटतं, बाबा," शमिका म्हणाली, आणि त्याच्यासाठी स्वल्प कॉफी करून आणते म्हणून आत गेली.

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही. माझ्यावर मात्र रात्रंदिवस खपला. फोनवर सूर तपासून एकेक पातं बिनचूक केलं. आणि माझी ती मध्यमाची पट्टी, जी बेळगावच्या म्हाताऱ्याला वश झाली नाही, ती त्याने सरळ केली. आता ती दाबली की सूर लगेच येतो. त्याला केवढा आनंद झाला. मी काय बोलणार?

जून आला. लाइटचा बोर्ड लागला, रस्त्यावरून झकास दिसायचा. आठवीत कुणी आलं नाही. मी शाळेत परतले, पण रोजची प्रार्थना आता ज्याच्या त्याच्या वर्गातच व्हायची, माझ्याशिवाय. विश्वस्तांनी ठरवलं, यंदाची दहावी परीक्षेला बसली की शाळा बंद करायची, नववीच्या मुलांची दुसरीकडे सोय करायची.

दर संक्रांतीनंतरच्या रविवारी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असतो. आधी तिळगूळ, मग सगळ्यांनी पूर्वीसारखं रांगा लावून प्रार्थनेला उभं राहायचं. पुढे आत्ताची मुलं, मागे जुनी. त्या शेवटच्या मेळाव्याला इतकी माणसं आली की मैदान पुरेना. पिकल्या केसांची, टक्कल पडलेली, काठी टेकणारी. नववी-दहावीची मुलं त्यांच्यात कुठल्या कुठे दिसेनाशी झाली. आणि सगळ्यांत पुढे, चिंचेच्या सावलीत, एका रांगेची जागा रिकामी. कुणी सांगितलं नव्हतं. पायांनाच सवय होती, ती जागा सोडूनच सगळे उभे राहिले.

बाईंनी मला मांडीपुढे घेतलं. भाता भरला, षड्ज धरला. आणि सगळे थांबले. पहिली ओळ आठवीची ना.

मी नुसता सूर धरून होते. कुणी गायला सुरुवात करेना. बाईंनी पुन्हा भाता ओढला. रांगेतून उमाकांत एक पाऊल पुढे आला, त्याचे ओठ हलले. बाईंनी त्याच्याकडे बघून मान हलवली. नाही. मग त्यांनी त्या ओळीचे सूर माझ्यावर एकेक करून वाजवले. आजवर मी आठवीला फक्त साथ केली होती. त्या दिवशी ती ओळ मी एकटीने म्हटली.

मध्यम आला. मी न थांबता पुढे गेले, कारण आता माझ्यात थांबण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पण मैदानावरची सगळी माणसं तिथे श्वास रोखून थांबली, लहानपणी थांबायची तशीच, आणि मग त्यांना कळलं की सूर केव्हाच पुढे निघून गेलाय. उमाकांतने तोंडावर दोन्ही हात घेतले. दुसरी ओळ सुरू झाली तेव्हा रडण्यामुळे अर्ध्या लोकांना म्हणता आली नाही. हेमलताबाई मात्र शेवटपर्यंत वाजवत राहिल्या. प्रार्थना संपल्यावर त्यांनी भाता लावला, कडी घातली आणि माझ्यावर डोकं टेकून बसून राहिल्या.

शाळा बंद झाली. संघ अजून आहे, वर्षातून एकदा हॉटेलात जेवायला भेटतो. बाई निपाणीला भावाकडे गेल्या. मला काय करायचं यावर चर्चा झाली, आणि सगळ्यांनी एकमताने ठरवलं की पेटी जपायची. सुहासने आपल्या कारखान्यात माझ्यासाठी काचेचं कपाट करवून घेतलं. उत्तम काम आहे, नाव ठेवायला जागा नाही. उंदीर शिरणार नाही, धूळ बसणार नाही. त्यात मी उमाकांतच्या बैठकीत असते. दर रविवारी तो बाहेरून काच पुसतो.

परवा शलाका म्हणाली, "आजोबा, वाजवू का मी?"

"नको गं बाळा," तो म्हणाला. "जुनी आहे ती. जपायला हवी."

मित्रांनो, उमाकांतला बोल लावू नका. त्याच्याइतकी माया कुणी केली नाही, माझ्यावरही आणि शाळेवरही. पण तुमची एखादी जुनी शाळा असेल, जुनी पेटी असेल, थकलेलं कुणी घरात असेल, तर नुसतं पुसून ठेवू नका. जवळ जाऊन बसा, हात लावा, त्यांच्याकडून काही शिका. बिघडलो तर बिघडू आम्ही, वापरात असताना बिघडण्याचं काही दुःख नसतं.

शलाका अजूनही दुपारी शाळेतून आली की काचेला नाक लावून माझ्याकडे बघत उभी राहते. पोरी, आजोबा दुपारी झोपतात. कपाटाची किल्ली टीव्हीखालच्या खणात असते.