थोरलीने भरलेली मोटर

खोटं बोलायला धाकटीला तीनच शब्द लागले होते. "त्यांना यायचं नाही." दारात उभ्या असलेल्या इंजिनिअरबाईंनी वहीतली एक ओळ खोडली आणि विचारलं, "मग तू येतेस?" धाकटी हो म्हणाली. तिची थोरली जाऊ त्या वेळी गोठ्यामागे चारा रचत होती. हाक मारली असती तर चार पावलांत आली असती.

बाई आल्या होत्या त्या थोरलीलाच शोधत. गावातली पिठाची गिरणी महिन्यापूर्वी बंद पडली होती. मोटर नुसती घुमायची, फिरायची नाही. दळण घेऊन गेलेली थोरली जरा वेळ कान देऊन उभी राहिली आणि गिरणीवाल्याला म्हणाली, "काठीने चाकाला एक झटका द्या बघू." त्याने दिला, आणि मोटरने वेग घेतला. "हिच्यात फिरायची ताकद आहे," थोरली म्हणाली, "पहिला धक्काच मिळत नाहीये. तो धक्का देणारं जे काही असतं, ते बदला." गिरणीवाल्याने दुसऱ्या दिवशी कपॅसिटर बदलला आणि ही गोष्ट पंचक्रोशीत तिखटमीठ लावून सांगितली. ती फिरत फिरत इंजिनिअरबाईंच्या कानावर गेली. बाजारगावातल्या एका जुन्या गोदामात त्या खेड्यातल्या बायकांना जळलेल्या मोटरी भरायला शिकवत. जळकी तार काढायची, नवी घालायची, मोटर पुन्हा चालती करायची. सहा महिने शिक्षण, मग त्याच आवारातल्या दुरुस्ती केंद्रात काम. नियम एकच, घरटी एक बाई.

धाकटीच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. बारावीपर्यंत शिकून ती या घरात आली होती आणि तेव्हापासून विहीर ते चूल एवढाच तिचा प्रवास होता. रोज सकाळी आठच्या गाडीने कुठेतरी जायचं, एवढ्याच एका चित्रासाठी ती खोटं बोलली. घरात तिने सांगितलं की मला बोलावलंय. त्यात तसं खोटं काही नव्हतं, म्हणून ते सांगताना जीभ अडखळलीही नाही.

"जा की," थोरली म्हणाली होती. "घरचं मी बघते."

आणि तिने बघितलं. पाणी, गोठा, स्वतःची दोन पोरं, सासूबाईंचा दुखरा गुडघा, सगळं एकटीने. धाकटीचा डबाही तीच भरून द्यायची. मोबदल्यात तिला एकच गोष्ट हवी असे. संध्याकाळी धाकटीने हातपाय धुतले की ती विचारायची, "आज काय झालं गं तिकडे?"

धाकटी सांगायची. तारेची जाडी कशी मोजतात, लोखंडाच्या खाचेत आधी कागद का घालतात. थोरली भाजी चिरता चिरता मध्येच हात थांबवून प्रश्न विचारायची, आणि त्यातले निम्मे प्रश्न धाकटीला दुसऱ्या दिवशी बाईंना जाऊन विचारावे लागायचे.

"एका तिकिटात दोघी शिकताय तुम्ही," सासूबाई म्हणायच्या. "तेवढं आमटीकडे बघा, ती जळाली तर पुन्हा भरता येत नाही."

परीक्षेला प्रत्येकीला एक जळकी मोटर घरी दिली होती. आठवड्यात भरून आणायची. धाकटीने ती तीनदा भरली. तपासायची रीत सोपी होती. दिव्याची एक तार लोखंडाला लावायची, दुसरी तांब्याच्या टोकाला. दिवा पेटला की समजायचं, आत कुठेतरी तारेचं वरचं आवरण सोललं आहे आणि मोटर नापास. तिन्ही वेळा दिवा पेटला. चौथ्या दिवशी थोरली शेजारी येऊन बसली. "दे इकडे. खाचेत तार दाबतेस तू. दाबायची नसते, तिला वाट द्यायची असते." दुपार कलायच्या आत तिने मोटर भरली. दिवा विझलेलाच राहिला.

केंद्रात इंजिनिअरबाईंनी ती मोटर दोनदा उलटीपालटी करून बघितली. "दोऱ्याच्या इतक्या नेटक्या गाठी माझ्या हातूनही पडत नाहीत," त्या म्हणाल्या. सगळ्यांसमोर त्यांनी धाकटीच्या हातात प्रमाणपत्र ठेवलं आणि विचारलं, येत्या सोमवारी बायकांची नवी तुकडी सुरू होते, तिला शिकवायला राहशील का? बाकीच्या अकराजणींनी टाळ्या वाजवल्या. धाकटीने खाली बघतच होकाराची मान हलवली. बाईंना वाटलं, पोर लाजली.

रविवारी दुपारी दोघी जावा ओट्यावर बसल्या होत्या. मध्ये केंद्रातून आणलेलं तार गुंडाळायचं छोटं हातयंत्र होतं. नव्या बायकांना नमुना म्हणून दाखवायला एक कॉइल, तारेचं मोजून गुंडाळलेलं वेटोळं, हवी होती, आणि तीही धाकटीने थोरलीकडेच मागितली होती. थोरलीने कुरकूर न करता दांडा हातात घेतला. एकशे दहा वेढे. मोजणारीने मध्ये बोलायचं नसतं. आकडा चुकला की ती तार वाया.

"एकसष्ट, बासष्ट," थोरली मोजत होती. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की धाकटीला तिकडे बघवेना.

"जाऊबाई," ती म्हणाली, "बाई त्या दिवशी तुमच्यासाठी आल्या होत्या."

"अडुसष्ट, एकोणसत्तर."

"गिरणीचं ऐकून आल्या होत्या. तुम्हालाच न्यायला. मी सांगितलं, त्यांना यायचं नाही."

"सत्तर."

सत्तरनंतर क्षणभर काहीच आलं नाही. पण दांडा थांबला नव्हता. "बाहत्तर," थोरली म्हणाली. एकाहत्तरावा तिने मनातच मोजला होता. पुढचे अडतीस वेढे तिने त्याच आवाजात मोजले, ना घाईने ना रेंगाळत. धाकटी तारेकडे बघत राहिली. त्यापेक्षा जाऊबाईंनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

एकशे दहा झाले. थोरलीने दोरा घेतला, कॉइल चार ठिकाणी बांधली, तार कापली.

"मी मोजत असताना सांगितलंस," ती म्हणाली. "म्हणजे मी मध्ये बोलणार नाही."

धाकटीने मान खाली घातली.

"मी कुठे होते तेव्हा?"

"गोठ्यामागे."

"म्हणजे हाक ऐकू आली असती."

"हो."

"मी नाहीसुद्धा म्हटलं असतं," थोरली म्हणाली. "सासूबाईंचा गुडघा, पोरांची शाळा. बहुतेक नाहीच म्हटलं असतं. पण ते मी म्हटलं असतं ना गं."

"उद्या मी बाईंना सगळं सांगते. मोटरचंही. माझी जागा तुम्ही घ्या."

"तुझी जागा मला देऊ नकोस. ती तुझी कधी होती?" थोरली उठली. "उद्या मी येते बरोबर. सांगायचं तू. मी एक शब्द बोलणार नाही."

सकाळी दोघींना निघालेलं बघून सासूबाईंनी विचारलं, "दोघी? मग चुलीपुढे मी बसू का?"

"आजचा दिवस बसा," थोरली म्हणाली. "आम्हाला तुम्हीच शिकवलंय, तुम्हाला जमेल."

आठच्या गाडीने दोघी केंद्रात पोचल्या.

धाकटीने बाईंना सगळं सांगितलं. आधी मोटरचं, मग दारातलं. दुसरं सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की बाईंना पुढे वाकावं लागलं. मग त्यांनी थोरलीकडे बघितलं. "हे खरं आहे?"

"तिलाच विचारा," थोरली म्हणाली.

बाई बराच वेळ टेबलावरचं पेन फिरवत राहिल्या. "मीही आत येऊन विचारायला हवं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. मग त्यांनी थोरलीला सांगितलं की प्रमाणपत्र नसलेल्या बाईला शिकवायला ठेवता येत नाही. नव्या तुकडीत नाव घालते, पण पहिल्या धड्यापासून सहा महिने बसावं लागेल.

"बसते."

"घरटी एकच बाई, हा नियम आहे. हिचं शिक्षण पुरं झालं असं मी धरत नाही, म्हणजे तुमच्या घरची जागा अजून हिच्याच नावावर आहे आणि खरं तर तुला घेता येत नाही. ते मी वरच्यांशी बोलेन." मग धाकटीपुढे त्यांनी हात केला. तिने पिशवीतून प्रमाणपत्र काढून दिलं. "कोपऱ्यातली ती जळकी मोटर घे. इथेच भर, माझ्यासमोर. जमलं तर कागद परत मिळेल. शिकवण्याचं मात्र विसर."

धाकटी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. जुनी कॉइल कापून काढताना तिचे वेढे मोजायचे असतात, तेवढेच नवे घालायचे म्हणून. जळक्या तारा एकमेकींना चिकटलेल्या होत्या. खोलीच्या दुसऱ्या टोकाला नव्या बायका बाकांवर बसत होत्या, त्यांच्यात थोरली. तिच्या शेजारणीने इकडे बोट करून विचारलेलं धाकटीला ऐकू आलं.

"ती कोण हो? तिला येतं वाटतं सगळं."

"माझी जाऊ आहे," थोरली म्हणाली. "सहा महिने येतेय इथे."

धाकटी सत्तेचाळीसवर होती की अठ्ठेचाळीसवर, ते तिला सांगता येईना. तिने ती कॉइल बाजूला ठेवली, तेवढ्याच वेढ्यांची दुसरी कापली आणि एकपासून मोजायला लागली.