खुनी मी आधीच ओळखायची

प्रेमाच्या आणि खुनाच्या कादंबऱ्यांबद्दल मला कुणी शिकवू नये. शाळा मी तिसरीत सोडली, पण अशा पुस्तकांचा ढीग माझ्या कानावरून गेलाय. त्यातली नायिका चांगली शिकलेली असते आणि अक्कल घरी ठेवून फिरते. धमकीची चिठ्ठी येते, दिवे जातात, दारातलं कुत्रं मरतं, तरी ही एकटीच डोंगरावरच्या बंगल्यात राहायला जाते. शेजारणीला सांगून जाईल तर शप्पथ. त्या बंगल्यात भाकरी कोण थापतं, भांडी कोण घासतं, हे लिहिणारा कधीच लिहीत नाही. आणि दोन पुरुष ठरलेले. एक गोड बोलणारा, एक घुम्या. खून कुणी केला हे तिला सोडून सगळ्यांना कळतं. मला सगळ्यांच्या आधी.

पुस्तकं आणायची माझी धाकटी लेक महेश्वरी. ती लोहाऱ्यातच शाळेत शिकवते, येताना वाचनालयात वाकडी वाट करते. वाचून दाखवायची माझी सून श्रीदेवी. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, समोरचं माणूस धुक्यात उभं असल्यासारखं दिसायचं. माझा मुलगा गौरीशंकर जेवून दुकानावर गेला की आम्ही सासू-सुना सोप्यात बसायचो. मी शेंगा फोडायची, ती वाचायची.

अर्धं पुस्तक झालं की मी हात वर करायची. "थांब. हा डॉक्टर. यानंच मारलंय."

"कशावरनं, आत्या?" सासूला आमच्यात आत्याच म्हणतात.

"लई गोड बोलतोय. हिला चहा विचारतोय, हिच्या म्हाताऱ्या मावशीला औषध पाजतोय. ज्याला काही नको असतं तो एवढं करत न्हाय."

चार दिवसांनी शेवट यायचा आणि डॉक्टरच खुनी निघायचा. एकदा वकील. एकदा पेटी वाजवणारा. मी ज्याच्यावर बोट ठेवलं तो सुटला असं झालं नाही. गल्लीत मी सांगत फिरायची, खुनी ओळखायला शाळा लागत नाही, सोयरिकी जमवलेली बाई लागते.

मागच्या वर्षी महेश्वरीला बघायला बेंबळीहून अमरनाथ आला. सोबत चुलता. कृषी खात्यात नोकरी, घरची शेती, आमच्यातलाच लिंगायत. आल्या आल्या वाकून शरणार्थ केला. मी गव्हाची गोड हुग्गी केली होती, तिचं तोंडभर कौतुक केलं. श्रीदेवीला म्हणाला, "वहिनी, तुम्ही पण बसा की, आमी वाढून घेतो." जेवण झाल्यावर ताटात पाणी घातलं, बोटांनी ताट धुतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. ताटात शीत राहू द्यायचं नाही, ही आमची जुनी रीत. आता म्हातारी माणसं सोडली तर कोण पाळतंय.

पाहुणे गेले. गौरीशंकर म्हणाला, "अव्वा, पोरगं लई चांगलंय. होकार कळवू?"

"कळव. नको म्हणून कळव."

"का?"

"तीस वर्षांचं पोरगं ताट धुऊन पाणी पितंय, ते कुणाला दाखवायला? बायकांना बसा म्हणतंय, हुग्गीला वा वा म्हणतंय. एवढा गोड माणूस आतून निराळा असतो."

"अव्वा, हे पुस्तकातलं झालं."

"पुस्तकात माणसंच असतात. माझा अंदाज कधी चुकला? श्रीदेवी, तू वाचतीस, तू सांग. एकदा तरी चुकला?"

श्रीदेवी ताटं गोळा करत होती. तिनं मान खाली घातली. "न्हाय, आत्या."

महेश्वरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला मी विचारलं नाही, आणि तीही काही बोलली नाही. दिवाळीनंतर अमरनाथचं लग्न ढोकीच्या पोरीशी झालं. पत्रिका आम्हालाही आली. महेश्वरीनं ती वाचली आणि खिडकीत ठेवली. त्यानंतर स्थळं आली, पण तिनं एकालाही धड बघितलं नाही. पुस्तकं मात्र आणत राहिली.

यंदा डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर मला पहिल्यांदा दिसलं ते श्रीदेवीच्या हातावरचे भाजल्याचे डाग. दुसरं, आमच्या भिंतीला किती पोपडे आलेत ते. मनात आलं, आता आपलं आपण वाचावं. अक्षरओळख होतीच, फक्त गंजलेली.

महेश्वरीला म्हटलं, "मागं ऐकलेलं एखादं पुस्तक आण. तो डॉक्टरवाला बंगला आण. गोष्ट ठाऊक असली म्हणजे अडखळले तरी गाडी पुढं जाईल."

"नवीन आणते की, अव्वा."

"तेच आण म्हणलं ना."

तिनं थोडे दिवस लावले, पण आणलं. मी एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचायला बसले. जोडाक्षर आलं की बैल चढाला थांबावा तशी थांबायची. ज्वारी काढून घरात आली तेव्हा मी शेवटाला पोचले. डॉक्टरनं कुणालाही मारलं नव्हतं. औषध द्यायचा, कारण म्हातारी आजारी होती. चहा विचारायचा, कारण चहाची वेळ झालेली असायची. मारलं होतं मावशीनं. शेवटच्या पानावर डॉक्टर आणि नायिका लग्न करतात, हे तर मी ऐकलंच नव्हतं.

मला वाटलं, मीच चुकीचं वाचलं. परत वाचलं. मावशीच होती.

श्रीदेवी भाकरी थापत होती. मी चुलीपाशी जाऊन उभी राहिले. "त्या बंगल्यात खून कुणी केला गं?"

"डॉक्टरनं, आत्या."

"पुस्तकात मावशी आहे."

तिचा हात काटवटीत थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती मीच उलटली.

"पहिल्यांदा तुमचा अंदाज चुकला होता," ती हळू म्हणाली. "तुम्ही म्हणला, तुला नीट वाचता येत न्हाय. त्या दिवशी आमटीत मीठ जास्त झालं, तर माझ्या आईचा उद्धार केला. दोन दिवस बोलला न्हाइत. पुढच्या वेळी तुम्ही ज्याचं नाव घेतलं त्यालाच मी खुनी केलं. तुम्ही मला गूळ-शेंगदाणे दिले खायला. शाबास म्हणला."

"आणि मग सगळ्या पुस्तकांत तेच केलंस?"

"दोन सोडून. तेवढे तुमचे खरंच बरोबर निघाले."

"आन् अमरनाथच्या वेळी म्या तुला सगळ्यांच्या देखत विचारलं होतं."

"तवा काय म्हणायला पायजे होतं, आत्या?"

माझ्याजवळ प्रत्येकाला द्यायला उत्तर असतं. सोयऱ्यांना, तलाठ्याला, देवाला. मी करपलेली भाकरी तव्यावरून काढून माझ्या ताटात घेतली.

संध्याकाळी महेश्वरी शाळेतून आली. मी तिला पुस्तक दाखवलं. तिनं पर्स खुंटीला लावली, पाणी पिऊन घेतलं.

"मला पहिल्यापासून ठाऊक होतं," ती म्हणाली. "पुस्तकं आधी मीच वाचायचे ना. सुट्टीच्या दिवशी आतून ऐकायचे, आज वहिनी कुणाला फाशी देतीय म्हणून. कधी कधी तिचे शेवट पुस्तकापेक्षा बरे असायचे."

"मग त्या दिवशी तुझं तोंड कुणी शिवलं होतं?"

"बोलले असते, तर वहिनीला तू ह्या घरात धड घास गिळू दिला असतास?"

"दिला असता."

"अव्वा." एवढंच म्हणाली ती.

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. श्रीदेवी ऐकत होती. मीही कुठं कमी ऐकते.

मी सुपातल्या शेंगा नुसत्याच चाळवल्या. "चांगला होता का गं तो?"

"मला काय माहीत. एकदा बघितलं, दारातनं. तो ताट धुऊन पाणी प्याला ना, ते मला आवडलं होतं. अप्पा प्यायचे तसं."

गुंडप्पा, म्हणजे माझे मालक, गेले त्या दिवशी सकाळीही ताट धुऊन पाणी प्यायले होते. त्यांना मी कधी विचारलं नाही, कुणाला दाखवायला पिता म्हणून. पोराला बघताना मला ते आठवायला हवं होतं. मला पुस्तकातला पेटीवाला आठवला.

मी लेकीची माफी मागितली नाही. आमच्या घरात तशी रीत नाही, आणि मागून बेंबळीचं लग्न मोडणार थोडंच होतं. ढोकीची पोरगी सुखात आहे म्हणतात. असू दे.

पुढच्या आठवड्यात महेश्वरीनं नवीन पुस्तक आणलं. रविवारी दुपारी तीच वाचायला बसली. श्रीदेवीला मी आतून बोलावलं, म्हटलं, भांडी राहू दे, बस. ती जरा लांबच बसली. गोष्टीत समुद्राकाठचं हॉटेल, गोड बोलणारा मॅनेजर, घुम्या खानसामा आणि एक बाई जी कुणालाही न सांगता तिथं आलेली. अर्धं पुस्तक झालं. महेश्वरीनं पानात बोट घालून मान वर केली.

"अव्वा, कोण वाटतंय तुला?"

श्रीदेवीचा शेंगा फोडायचा हात थांबला. दोघी माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या.

मला मॅनेजर वाटत होता. अजूनही वाटतो.

"तू वाच," मी म्हणाले. "जे लिहिलंय तेच वाच."