सूक्ष्मदर्शकाला न दिसलेली शिकार

मी एक जुनं भिंग आहे. पितळी कडा, लाकडी मूठ आणि काचेवर एक ओरखडा. मित्रांनो, खरं सांगतं, मी जळतं. चंडीगडच्या विद्यापीठातल्या त्या नव्या सूक्ष्मदर्शकावर जळतं!

तो आला तेव्हा त्याला हार घातला, पेढे वाटले. मुंग्यांचा अभ्यास करणाऱ्या शैलजाताईंनी मला साताऱ्याहून सोबत आणलं होतं. मला कधी साधं हळदीचं बोटही लागलं नाही.

मोठ्या जबड्याची काळी शिकारी मुंगी नेमकं काय खाते, हे ताईंना शोधायचं होतं. क्वार्टरमागच्या बिळाच्या तोंडचा कचरा त्यांनी प्रयोगशाळेत नेला. सूक्ष्मदर्शक महाराजांनी त्यात कणीक दाखवली. ताईंचे वरिष्ठ विश्वनाथ सर खूश.

"शिकारी कसली, ही आटाही खाते. पक्का! लेखात घाला."

ताईंना पटेना. पण लेख लगेच पाठवायचा होता, आणि चुकीचं छापलं तर नाव त्यांचंच जाणार.

तेवढ्यात कर्फ्यू लागला. पंजाब धुमसत होता, ते दिवसच तसे होते. प्रयोगशाळेला कुलूप, महाराज आत कोंडलेले. मला काय आनंद झाला!

ताई मला घेऊन बागेत पालथ्या पडल्या. कुंपणापलीकडून शेजारच्या सतवंत बीजींनी बिळाजवळ साखर घातलेला आटा टाकला.

"बीजी, रोज डालती हैं?"

"रोज, पुत्तर! कीड़ियों को खिलाना पुण्य है." कीड़ी म्हणजे त्यांच्याकडे मुंगी.

साखरेवर बारक्या मुंग्या जमल्या. काळी आली. आट्याला तोंडही न लावता ती त्यातून तुडवत गेली, तिने एका बारकीला पकडलं, नांगी मारली आणि ओढत बिळात नेलं. दोघींच्या अंगाला आटा चिकटलेला.

"बीजी, ये आटा नहीं खाती. आटा खानेवालों को खाती है!"

"हाय रब्बा! मैं तो इसको दावत दे रही थी?"

ताईंनी सरांना लगेच फोन केला. "सर, आटा खाल्लेला नाही, पायांना लागून आत गेलाय. मी डोळ्यांनी पाहिलं." आटा खाण्याचं ते वाक्य लेखातून काढलं गेलं. ताईंचं नाव राहिलं.

लेख छापून आला. फोटो महाराजांचा, आभारही महाराजांचे!

मित्रांनो, तुमच्या घरी भिंग असेल तर खणात कोंबू नका. मऊ कापडाने पुसा, घेऊन जमिनीवर आडवे व्हा. तो टेबलावर बसून मेलेलं बघतो, मी मातीत उतरून जिवंत बघतं. हे जरा मोठ्याने म्हणा, त्याच्या कानावर गेलं पाहिजे.