मुलाखतीला इंग्रजीच लागते

शिवशंकर मागच्या वर्षी नांदेडच्या एका कॉलेजात एम.एस.डब्ल्यू.च्या, म्हणजे समाजकार्याच्या शिक्षणाच्या, प्रवेशासाठी मुलाखतीला गेला आणि अकरा मिनिटांत बाहेर आला. किल्लारीला परतल्यावर त्यानं आईला, तारामतीला, सांगितलं, "सगळं इंग्रजीत चालतं तिथं. आपल्यासारख्याला कोण घेतंय?" तारामतीनं ते भावकीत सांगितलं. आठ दिवसांत गावाची खात्री पटली, की पोरगं हुशार हाय, पण इंग्रजीनं घात केला.

खरं तसं नव्हतं. आत बसलेल्या मॅडमनी सुरुवातीलाच विचारलं होतं, "मराठीत बोलणार की इंग्रजीत? तुम्हाला सोपं जाईल तसं." तो मराठीतच बोलला होता. फॉर्मवर त्यानं लिहिलं होतं, गावात व्यसनमुक्तीचं काम केलं. मॅडम म्हणाल्या, "एखाद्या घरात काय झालं ते सांगा." त्यानं शाळेच्या मैदानावर एकदा भाषण केलं होतं, एवढंच. सांगायला एक घर नव्हतं.

या वर्षी त्यानं फॉर्म भरला नाही. त्याच्या बायकोनं, ऋतुजानं भरला.

ऋतुजा मुखेडकडची. लग्नाला तीन वर्षं झाली होती. गावातल्या पोरींचं औशाचं कॉलेज पाचला सुटायचं आणि शेवटची एस.टी. साडेचारलाच निघायची. सहा पोरींनी शिक्षण सोडलं होतं. ऋतुजा एकेका घरी गेली, सह्या घेतल्या, आगारात सात चकरा मारल्या आणि गाडी साडेपाचला करून घेतली. शिवशंकर औशातच खासगी क्लासमध्ये शिकवायचा. तोही त्याच गाडीनं परतायचा; गावात हसत उतरणाऱ्या पोरी त्याला रोज दिसायच्या.

मुलाखतीचा मेसेज आला तेव्हा ऋतुजानं फोन त्याच्यापुढं धरला. वाचता वाचता त्याला काहीतरी सललं.

"छान," तो म्हणाला.

"तुम्ही जाऊन आलाय. तुम्हीच माझी तयारी करून घ्या."

दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू झाली. सकाळी क्लासला जाण्याआधी तासभर. त्यानं इंग्रजीत वीस उत्तरं लिहून दिली. ऋतुजा भाकरी थापताना ती पुटपुटायची. एखादा शब्द अडला की तो म्हणायचा, "पुन्हा. पहिल्यापासून." पाचव्यांदा बरोबर आलं तरी म्हणायचा, "असं बोललीस तर हसतील."

एकदा तिनं विचारलं, "गाडीचं सांगू का? ते माझं मला सांगता येईल."

"त्यात काय एवढं? एका एस.टी.ची वेळ बदलली. तसलं सांगायचं नसतं."

तिनं पुढची भाकरी थापायला घेतली. बाहेरून त्याचे वडील माणिकप्पा ऐकत होते. "पोरी, तू होणार बघ," ते म्हणाले. अप्पा आपल्याला असं कधी म्हणाले होते, ते शिवशंकर आठवत राहिला. आठवलं नाही.

मुलाखतीला चार दिवस उरले तेव्हा तिनं कागद खाली ठेवले. डोळे भरले होते. "मला न्हाई जमत ओ. पाठ केलेलं मधेच तुटतं. मराठीत विचारलं असतं तर मी दिवसभर बोलले असते."

वाक्य त्याच्या ओठावर होतं. मराठीत बोलता येतं, एवढंच म्हणायचं होतं.

"मग नको जाऊ," तो म्हणाला.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि कागद पुन्हा उचलले.

मुलाखतीच्या दिवशी दोघं पहिल्या गाडीनं लातूरला आणि तिथून नांदेडला गेले. ती आत गेल्यावर तो फाटकाजवळच्या बाकावर बसला. मोबाइलवर वेळ बघत होता. बारा मिनिटं झाली. वीस झाली. आता येईल, रडत येईल, असं त्याला वाटत होतं, आणि तसं वाटल्यानं बरं वाटत होतं. पन्नास मिनिटांनी ती आली. चेहरा फुलला होता, पण त्याच्याकडं बघितल्यावर तो मिटला.

"काय विचारलं?"

"आधी विचारलं, मराठीत बोलणार का इंग्रजीत." ती थांबली. "मला वाटलं, या वर्षी नियम बदलला असंल. मी तसं म्हणले. मॅडम म्हणाल्या, आम्ही सगळ्यांना पहिल्यापासून हेच विचारतो."

तो मोबाइल खिशात घालायला लागला.

"तुम्हाला पण विचारलं होतं?"

"हाव."

परतीच्या गाडीत ती खिडकीला बसली आणि पिशवी दोघांच्या मध्ये ठेवली. अहमदपूरला गाडी थांबल्यावर तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुला बोलावलं, ते मला सहन झालं न्हाई."

"ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण मी रडत असताना तुम्ही गप्प बसाल, असं वाटलं नव्हतं."

"घरी सांगणार?"

"मी कशाला सांगू? तुमचं तुम्ही सांगा."

बारा दिवस त्यानं सांगितलं नाही. ती त्याला जेवायला वाढायची, विचारल्याला उत्तर द्यायची, आणि त्यापलीकडं काही नाही.

मग यादी लागली. ऋतुजाचं नाव चौथं होतं. तारामतीनं पेढे आणवले. शेजारच्या नीलाबाई आल्या, आणखी दोघी-तिघी आल्या.

"माझ्या पोराला जे न्हाई जमलं ते सुनेनं केलं," तारामती सांगत होती. "फाडफाड इंग्रजी बोलून आली लई मोठ्या लोकांसमोर!"

"आम्हालाबी ऐकव की गं," नीलाबाई म्हणाल्या.

ऋतुजा चहा गाळत होती. तिनं मान वर केली नाही. तिच्या कानामागं लाली चढलेली शिवशंकरला दिसली. आता तिनं खोट्यावर गप्प बसायचं, आणि ते खोटं त्याचं.

"आई, तिथं इंग्रजी लागत न्हाई," तो म्हणाला. "मीबी मराठीतच बोललो होतो."

"मग तुला का घेतलं न्हाई?"

"काम केलं म्हणून मी लिहिलं होतं. केलं नव्हतं. हिनं केलंय."

तारामतीच्या हातातला पेढा तसाच राहिला. नीलाबाईंना अचानक घरी काम आठवलं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर होणार, हे सगळ्यांना कळत होतं. माणिकप्पांनी लेकाकडं बराच वेळ बघितलं. मग सुनेला विचारलं, "हॉस्टेलला कवा जायचं?"

"एक तारखेला, मामा."

एक तारखेला शिवशंकरनं तिची पेटी हॉस्टेलच्या दारापर्यंत नेली. आवारात पोरी घोळक्यानं उभ्या होत्या. कुणी लोह्याची, कुणी देगलूरची. एकीनं ऋतुजाला विचारलं, "ती एस.टी.वाली तूच का?" मॅडमनी सांगितलं होतं म्हणे. ऋतुजा हसली, त्या पोरींमध्ये जाऊन उभी राहिली, आणि शिवशंकरला पुन्हा तेच सललं. गेलं असेल असं त्याला वाटलं होतं.

ती पेटी घ्यायला परत आली.

"मला अजून जळतं," तो म्हणाला. "तुला खोटं सांगायचं न्हाई म्हणून सांगतो."

ऋतुजानं त्याच्याकडं नीट बघितलं. मुलाखतीनंतर पहिल्यांदाच.

"दिसतंय," ती म्हणाली. "पेटीचं तिकडचं कडं धरा. खोली वर हाय."