गवराबाई आणि साथीदार

मित्रांनो, तुमच्या घरी ग्रामोफोन असेल तर तबकडीच्या मधोमध चिकटवलेले लेबल तुम्ही वाचले असेल. त्यावर गाणाऱ्याचे नाव असते. एका तबकडीवर लिहिले आहे, 'गवराबाई आणि साथीदार'. त्या साथीदारांत पेटीवाला नाही, तबलजी नाही, मी एकटेच आहे. मी एक जुने जाते आहे. मुक्काम चिखली, सयाजीच्या घराची पडवी.

पाथरवटाने मला काळ्या दगडातून घडवले, तेव्हा टाकीचे घाव सोसून मी रडकुंडीला आले होते. आता वाटते, त्याचे उपकारच झाले. त्या घावांनी मला दात आले, आणि बोथट जात्याला कोण विचारतो?

बाजारातून मला आणले ते सयाजीच्या आईने, अंबूबाईने. बाई तोंडाने तिखट, पण गळा असा की शेजारणी आपले दळण घेऊन आमच्या पडवीत येत. ती मला कधी मुक्याने फिरवत नसे. रिकामे जाते फिरवू नये म्हणतात. अंबूबाईच्या मते ओवीवाचून फिरवले तर तेही रिकामेच.

आता ओवीची रीत सांगते. लेक दळायला बसली की आईचे नाव घेते, भावाचे घेते. सासूचे नाव येते ते चिमटा काढायला. अंबूबाईला लेक नव्हती, सयाजी एकटाच. त्याची बायको गवराबाई घरात आली, तेव्हा अंबूबाईने तिला माझ्यासमोर बसवून आपल्या सगळ्या ओव्या शिकवल्या. एकदा दळता दळता ती म्हणाली, "गवरे, समद्या गावच्या आयांची नावं माझ्या तोंडून गेली. माझं नाव कोन घेनार? मला लेकच न्हाई."

गवराबाईने माझ्या तोंडात आणखी एक मूठ दाणे टाकले. ओवीत सासूचे गुण गाणारी सून आमच्या चिखलीत कुणी पाहिली नव्हती.

पुढे अंबूबाईचे कंबरडे मोडले आणि तिने अंथरूण धरले. माझा खुंटा गवराबाईच्या हाती आला. मला अंबूबाईचा हात आठवे, पण नव्या हातालाही माया होती.

एका लग्नात माझ्यावर हळद दळली जात होती. नवरीकडचा ज्योतीराम पुण्यात तबकड्या काढणाऱ्या कंपनीत होता. गवराबाईची ओवी ऐकून तो हातातला चहा प्यायचा विसरला. दुसऱ्या दिवशी तो घरी आला. "वहिनी, पुण्याला चला. तुमची तबकडी काढू."

"जातं असंल तर येते," गवराबाई म्हणाली.

"आमच्याकडं पेटी आहे, सारंगी आहे."

"ती आनि कशाला? जात्याबिगर माझा गळाच उघडत न्हाई."

अशी माझी वरात निघाली. बैलगाडीत खाली कडबा, वर मी, शेजारी ज्वारीची पिशवी. सयाजी गाडी हाकत होता आणि वाटेत भेटेल त्याला सांगत होता, "जातं गान्याला चाललंय." मला लाज वाटत होती आणि खोटे कशाला बोलू, अभिमानही वाटत होता.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत भिंतींना जाड पडदे लावले होते. ज्योतीरामने सगळे समजावून सांगितले. एका दमात गायचे, त्याला म्हणतात टेक. तो चांगला उतरला की त्याची मूळ प्रत, म्हणजे मास्टर. तिच्यावरून हव्या तितक्या तबकड्या. तबकडीच्या एका बाजूला मावते तीन मिनिटांचे गाणे, आणि लाल दिवा लागला की थांबायचे.

पहिल्या टेकला दिवा लागला, विझला, यंत्रावरच्या साहेबांनी हात हलवले, तरी गवराबाई गातच राहिली. ज्योतीराम धावत आला. "वहिनी, दिवा दिसला न्हाई का?"

"दिसला की. पन जात्याच्या तोंडात दाणं हाईत. अर्धं दळण सोडून कसं उठू?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. ज्योतीराम मात्र खेड्यातलाच. तो म्हणाला, "मग दाणंच कमी घ्या."

एवढे ठरल्यावर ज्योतीरामने लेबलाचा कागद काढला. "गाणं कुणाचं लिहू?"

"माझ्या सासूचं. अंबूबाई लिवा."

"त्यांना कुणी शिकवलं?"

"त्यांच्या सासूनं."

"मग कंपनी 'पारंपरिक' लिहिते, वहिनी. माझ्या हातात न्हाई."

गवराबाई कागदाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हते, पण त्यावर काय नाही ते तिला कळले होते. मग तिने पदर खोचला आणि सुपात मोजके दाणे घेतले.

त्या टेकला तिने भावाच्या ओव्या गायल्या, माहेराच्या गायल्या. सुपातले दाणे संपले. आता ती थांबणार, असे मला वाटले. पण तिने खुंटा घट्ट धरला आणि मी आजवर कधी न ऐकलेली ओवी म्हटली:

दाणं सपलं सुपात, हात अजून खुंट्याला
अंबूबाई माझी माय, तिची ओवी माझ्या वाट्याला

लाल दिवा लागला. माझ्या तोंडातला शेवटचा दाणाही तेव्हाच फुटला. मी दगड आहे मित्रांनो, पण त्या क्षणी मला भरून आले.

काही महिन्यांनी ज्योतीराम तबकडी आणि ग्रामोफोन घेऊन चिखलीला आला. अंबूबाईला भिंतीशी टेकवून बसवले. सुई टेकली आणि कर्ण्यातून आधी माझी घरघर आली, मग गवराबाईचा आवाज. अंबूबाई डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "जाडं दळलंस गं." सयाजी हसला.

मग ती शेवटची ओवी आली. अंबूबाईने डोळे उघडले. सून खाली मान घालून दाराशी उभी होती. सुई मधल्या लेबलापाशी जाऊन खरखरत राहिली, तरी कुणी उचलली नाही.

"ज्योतीराम," अंबूबाई म्हणाली, "तेवढीच परत लाव."

त्याने लावली. तिने पुन्हा लावायला सांगितली. मग गवराबाईला जवळ बोलावून तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "लेक न्हाई म्हनत व्हते मी." त्या दिवाळीनंतर अंबूबाई गेली. जाताना तिच्या मनात ती खंत नव्हती.

आता गावात पिठाची गिरणी आली आहे. सयाजी पिंपरीच्या कारखान्यात जातो, आणि मी डाळीपुरते, हळदीपुरते उरले आहे. माझे दातही बोथट झाले आहेत. कुणी टाकी लावून दिली तर बरे वाटेल, पण तक्रार नाही. एका दगडाला याहून जास्त काय मिळायचे?

एवढेच मागते. तुमच्या घरातही कुणी अशी असेल, जिचे गाणे, जिची चव, जिचा हात तुमच्यात उतरला आहे आणि जिचे नाव कुठल्याच लेबलावर नाही. तिचे नाव मोठ्याने घ्या, आणि ते तिच्या कानांवर पडेल तेव्हाच घ्या.