गीझरचा जोड

इंदुताई शिरढोणकर यांना वायरमन लोकांबद्दल आदर असा कधी नव्हताच. मुलींच्या कॉलेजात त्यांनी चौतीस वर्षं फिजिक्स शिकवलं होतं. ज्याला ओहमचा नियम सांगता येत नाही त्याने बोर्ड उघडणं म्हणजे चष्मेवाल्याने मोतीबिंदू काढणं, असं त्या म्हणत, आणि वायरमनच्या तोंडावर म्हणत.

जयेंद्रगंज मोहल्ल्यातलं त्यांचं घर पंचाहत्तर सालचं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे भिंतींतून ॲल्युमिनियमच्या तारा फिरवलेल्या होत्या आणि पन्नास वर्षांत त्या बदलाव्यात असं कुणाला वाटलं नव्हतं. यजमान गेल्यापासून त्या घरात एकट्याच राहत.

जूनमध्ये त्यांचे मावसभाऊ रघुनाथराव यांचं पडाव मोहल्ल्यातलं स्वयंपाकघर जळालं. बोर्डातला एक जोड तापला, त्याने पडदा पेटला, पडद्याने फ्रिज. माणसं वाचली. घराचा विमा होता, पण अर्जात तारा तांब्याच्या लिहिल्या होत्या आणि जळक्या भिंतीतून निघाल्या ॲल्युमिनियमच्या. कंपनीने हात वर केले. रघुनाथराव महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला कंपनीची नालायकी ऐकवत होते. इंदुताईंनी एकदाच ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, खोटं लिहायचंच होतं तर भिंतीलाही पढवून ठेवायचं होतंत.

घरी येऊन मात्र त्यांनी स्वतःच्या घराचा विमा उतरवायचं ठरवलं.

एजंट म्हणून सौरव आला. ओळखीतल्यांचा मुलगा, कडक इस्त्रीचा शर्ट, दोन मोबाइल. त्यातल्या एकावर तो भराभर अर्ज भरत गेला आणि वायरिंगच्या रकान्यात न विचारताच त्याने ‘तांबं’ टाकलं.

“ॲल्युमिनियम आहे,” इंदुताई म्हणाल्या.

“काकू, ते लिहिलं न, तर फाइल अटक जाएगी. कॉपरच राहू द्या. देखने कौन आ रहा है?”

इंदुताईंनी त्याच्याकडे कोरी उत्तरपत्रिका बघावी तसं बघितलं. रघुनाथरावांची हकीकत त्यांनी त्याला सांगितली. ती ऐकताना तो दुसऱ्या मोबाइलवर काहीतरी वाचत होता. शेवटी त्यांनी समोर बसून त्याला खरं ते लिहायला लावलं. आठवड्याने कंपनीचं पत्र आलं: जुनी ॲल्युमिनियम वायरिंग सुरक्षित करून घ्या, परवानाधारक माणसाकडून तपासणीचा अहवाल आणा, मग बघू.

मग माणसं शोधणं आलं. पहिला आला त्याने एकही बोर्ड न उघडता सांगितलं, की पन्नास वर्षं काही झालं नाही तर आता काय होणार. इंदुताईंनी त्याला विचारलं, की माणूस मरेपर्यंत जिवंतच असतो, तर मग डॉक्टर कशाला लागतो. दुसरा म्हणाला, प्रत्येक जोडाला नवी टेप गुंडाळतो, सर्टिफिकेट एका दोस्ताकडून आणून देतो. त्याला त्यांनी फाटकापर्यंत पोचवलं, तो परत आत शिरू नये म्हणून.

तिसरे सूर्याजी शितोळे. कंपू मोहल्ल्यात राहायचे, फौजेत वीस वर्षं विजेचंच काम केलेले, आता स्वतःचा परवाना होता. मोजकं बोलत आणि अर्धं हिंदीतच. इंदुताईंना त्यांचंही काही विशेष वाटलं नाही. ॲल्युमिनियम धोक्याचं का, हे त्यांनी परीक्षा घेतल्यासारखं विचारलं. सूर्याजी म्हणाले, तापलं की फुगतं, निवलं की बसतं, आणि दर खेपेला स्क्रू जरा ढिला होतो. त्यात तांबं थेट जोडलं तर ओल लागून जोड आतून खाल्ला जातो. उत्तर बरोबर होतं. इंदुताईंनी तसं बोलून दाखवलं नाही.

सूर्याजींनी फ्रिज, कूलर, गीझर सगळं एकदम चालू ठेवायला सांगितलं. अर्ध्या तासाने तापमान मोजायचं पिस्तुलासारखं यंत्र घेऊन ते एकेका बोर्डासमोर उभे राहिले. न्हाणीघराबाहेरच्या बोर्डापाशी थांबले, दोनदा मोजलं, मेन स्विच पाडला आणि झाकण काढलं.

आत तांब्याची आणि ॲल्युमिनियमची तार एकमेकींना पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेली होती. टेप वितळून चिकट झाली होती. तिच्या कडेने पांढरी भुकटी आली होती.

इंदुताईंना चेव चढला. दोन वेगळे धातू असे नुसते पिळायचे नसतात हे नववीच्या मुलीला कळतं, त्या म्हणाल्या. हे ज्या गाढवाने केलं त्याच्या हातात पकड कुणी दिली? अशा माणसांमुळेच घरं जळतात, आणि नंतर हीच माणसं शेजारच्या घरात जाऊन हेच करतात. सूर्याजी टेप सोलत होते. टेप निघाली आणि खालून जांभळ्यावर पांढरी रेघ असलेली तार दिसली.

इंदुताई पुढे वाकल्या.

तसली तार बाजारात मिळत नसे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिचं एक भेंडोळं होतं. सत्त्याण्णवच्या डिसेंबरात गीझर नवा आणला, वायरमन आज येतो, उद्या येतो करत आठ दिवस आलाच नाही, तेव्हा त्यांनी त्या भेंडोळ्यातली हातभर तार आणून एका दुपारी स्वतःच जोड मारला होता. यजमानांनी कौतुक केलं होतं. पुढे कितीतरी वर्षं त्या ही गोष्ट वर्गात सांगत: वायरमनच्या पाया पडायची गरज नसते, डोकं लागतं.

सूर्याजींना यातलं काही ठाऊक नव्हतं. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी त्या याच भिंतीआड अंघोळ करत आल्या होत्या.

“सूर्याजी,” त्या म्हणाल्या, “ते गाढव मी आहे.”

सूर्याजींनी वर पाहिलं. हसले नाहीत. “मॅडम, ज्यांना सगळं येतं न, त्यांच्याच घरी आम्हाला असे जोड मिळतात,” ते म्हणाले आणि तार कापायला लागले.

इंदुताईंना हे लागलं. त्यांनी बॅटरी आणली आणि सूर्याजींच्या हातांवर उजेड धरून उभ्या राहिल्या.

काम नऊ दिवस चाललं. गीझर, फ्रिज आणि स्वयंपाकघराला मेन बोर्डापासून थेट तांब्याच्या नव्या तारा आल्या. बाकीच्या खोल्यांतही जुन्या तारा ओढून नव्या घातल्या. दोन खोल्यांत जुन्या तारा नळीत अडकून बसल्या होत्या, तिथे भिंतीवरून पांढरी प्लॅस्टिकची पट्टी न्यावी लागली. ती कुरूप होती आणि इंदुताईंनी ती मुकाट्याने नेऊ दिली. विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच बसला, अंगणात नवं अर्थिंग पुरलं गेलं. शेवटी सूर्याजींनी सगळं मोजून सहीचा अहवाल दिला.

सौरव पुन्हा आला, आणि मी तर हे एका दिवसात करवून दिलं असतं, असं म्हणाला. नव्या अर्जात एक प्रश्न होता: घरात पूर्वी विनापरवाना माणसाने विजेचं काम केलं आहे का? इंदुताई म्हणाल्या, लिही, होय, घरमालकिणीने स्वतः, १९९७.

“काकू, ये तो कोई नहीं लिखता.”

“म्हणूनच तुमच्या कंपनीला कुणावर भरवसा नाही. लिही.”

त्या एका ओळीपायी कंपनीने आपला माणूस पाठवला. त्याने सगळे बोर्ड उघडून बघितले, त्या ओळीखाली ‘दुरुस्त’ असं लिहिलं आणि गेला. पंधरा दिवसांनी पॉलिसी आली. इंदुताईंनी लाल पेन घेऊन तिची चौदाही पानं वाचली, व्याकरणाच्या अकरा चुका काढल्या आणि ती कंपनीला परत पाठवून दिली, दुरुस्त करून पुन्हा छापा म्हणून.